भिंतीचा फॉल

महालक्ष्म्या जवळ आल्या की घर आवरायला काढतो आणि मग नजर जाते ती भिंतीच्या अगदी खालच्या, वीतभर भागावर. वरची भिंत बरी असते. खाली मात्र केरसुणीचे ओरखडे, सारवणाचे शिंतोडे, पोरांच्या गाडीचे चट्टे आणि पावसाळ्यात फुगून सुटलेले रंगाचे पापुद्रे. आज आम्ही या वीतभर जागेबद्दलच बोलणार आहोत. दुकानात तिला ‘स्कर्टिंग’ म्हणतात, गवंडी ‘पट्टी’ म्हणतो, आणि कावेनं काढली तर आपण ‘पट्टा’ म्हणतो.

साडीला फॉल कशासाठी लावतात हे तुम्हाला सांगायला नको. काठ जमिनीला घासतो, झिजतो, म्हणून आतून एक पट्टी. झिजायचं तर ती झिजेल, उसवून दुसरी लावता येते, साडी वाचते. भिंतीचा पट्टा म्हणजे भिंतीचा फॉल. थंडीच्या देशांत त्यासाठी लाकडाच्या फळ्या ठोकतात. आपल्याकडे तशी फळी लावली तर वाळवीला आमंत्रणच. म्हणून आपल्या आज्या-पणज्यांनी पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या भिंतीला खाली काव लावली. दरवर्षी पुसट व्हायची, दरवर्षी नवी लागायची. जे झिजणार आहे ते स्वस्त आणि सहज बदलता येईल असं ठेवायचं, इतका तो सरळ हिशेब होता.

आता हिशेब बदललाय. विटांची घरं झाली, घरकुलं झाली. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये मिळतात आणि घर किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे साधारण 270 चौरस फुटांचं बांधायचं असतं. त्यात गिलावा आणि रंगापर्यंत येता येता हात आखडतो, हे आपण सगळ्याच पाहतो. मग उरलेल्या पैशातून एक चकचकीत ऑइल पेंटचा डबा येतो, सणाच्या आदल्या आठवड्यात खाली हातभर पट्टा मारला जातो, आणि पुढच्या पावसाळ्यात तो पापडासारखा सुटतो. रंग खोटा होता असं म्हणून आपण दुकानदाराला बोल लावतो. बऱ्याचदा रंग खरा असतो. भिंत ओली असते.

म्हणून रंग कोणता, हे विचारण्याआधी भिंतीला विचारायचं, बाई, तू कोरडी आहेस का?

भिंतीत ओल चढते कशी? समईतली वात डोळ्यांसमोर आणा. तेल खाली आणि ज्योत वर, तरी तेल वातीतून वर चढतंच. वीट, माती, दगडांमधला दर्जा, सगळ्यांत बारीक बारीक वाटा असतात आणि जमिनीतलं पाणी त्यातून तसंच वर येतं. येताना मातीतले क्षार बरोबर आणतं. पाणी भिंतीच्या तोंडाशी येऊन उडून जातं, क्षार मागे राहतात. तोच पांढरा भुरा, ज्याला आपण लोणा म्हणतो. लोण्यानं गिलावा पिठासारखा भुरभुरतो. अशा भिंतीवर ऑइल पेंट मारला की पाण्याची बाहेर पडायची वाट बंद होते. मग ते रंगाला आतून ढकलून फोड आणतं, नाहीतर आणखी वर चढून पट्ट्याच्या वरच्या चांगल्या भिंतीतून निघतं. आधी वीतभर असलेली ओल हातभर झाली, असं आपण म्हणतो ते यामुळे.

त्यात आपली जमीन काळी. पाणी धरून ठेवते, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. गोदाकाठच्या गावांत तर विचारूच नका. जिंतूरकडच्या डोंगराळ भागात मुरूम लवकर लागतो, तिथे जरा बरं. पण काळ्या रानात घर असलेल्या बाईनं ओलीची तपासणी केल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तपासणी फुकटात होते. प्लास्टिकचा फूटभर चौकोनी तुकडा घ्या, खताच्या गोणीतली आतली पिशवी धुऊन कापली तरी चालेल, पण आरपार दिसणारी हवी. भिंतीच्या खालच्या भागात तो चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट चिकटवा, कुठूनही हवा जायला नको. दोन दिवस तसाच राहू द्या. मग बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, दव धरलं असेल तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला धरलं असेल तर ते घरातल्या दमट हवेचं. दोन्हीकडे कोरडं असेल तर भिंत रंगाला तयार. एका खोलीत एकाच जागी बघून थांबू नका. न्हाणीच्या मागची भिंत, माठाजवळची भिंत आणि दाराशेजारची भिंत, तिन्ही वेगळं उत्तर देतात.

ओल सापडली तर तिचं मूळ बहुधा बाहेर असतं. पागोळ्या भिंतीच्या पायथ्याशीच पडतात. न्हाणीचं पाणी भिंतीला लागून मुरतं. अंगणात वर्षानुवर्षं माती टाकून अंगण जोत्याच्या वर गेलेलं असतं. आणि अलीकडचं एक कारण म्हणजे गल्लीतला सिमेंटचा रस्ता. जुन्या रस्त्यावर नवा थर, त्यावर आणखी एक, असं करत रस्ता उंच होतो आणि घर खड्ड्यात जातं. रस्त्याचं काम निघालं की ग्रामसभेत उतार कुठे काढणार हे विचारा, नंतर विचारून उपयोग नसतो. घराच्या बाजूला भिंतीपासून दूर उताराचा मुरूम घालता येतो, न्हाणीचं पाणी नळीनं लांब नेऊन शोषखड्ड्यात सोडता येतं. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे केले ते सांडपाणी आणि डासांसाठी, पण भिंतीलाही त्याचा फायदाच. खड्डा मात्र भिंतीला चिकटून घेऊ नका. भिंतीपासून जितका दूर तितका बरा.

आता पट्ट्याकडे येऊ. मातीची भिंत, माळवदाचं घर असेल तर काव आणि चुना, दुसरं काही नाही. मातीच्या भिंतीला खाली सिमेंटचा पक्का पट्टा करून घेण्याची पद्धत पडली आहे. दिसायला मजबूत, पण सिमेंटच्या मागे ओल कोंडते, आतली माती लिबलिबीत होते आणि एक दिवस पट्टा आख्खा सुटून येतो. बरोबर ढेपळंही घेऊन येतो. मातीला मातीचंच लिंपण आणि वर श्वास घेणारा रंग.

काव रात्री पाण्यात भिजत घाला, सकाळी फडक्यातून गाळा. नुसती लावली तर हाताला, कपड्याला लागते, म्हणून त्यात भिजवलेल्या डिंकाचं पाणी घाला. काही जणी तांदळाच्या पिठाची खळ घालतात. तीही चालते, पण खळीला झुरळं येतात, म्हणून स्वयंपाकघरात डिंकच बरा. हल्ली फेविकॉल घालतात. थोडा घातला तर ठीक, जास्त झाला तर पुन्हा तेच, भिंतीचं तोंड बंद.

पांढरा हवा असेल तर चुना. कळीचा चुना विझवताना तो उकळतो, उडतो. पाण्यात चुना थोडा थोडा सोडायचा, चुन्याच्या ढिगावर पाणी ओतायचं नाही. प्लास्टिकच्या बादलीत विझवायचा नाही, ती वितळते. पोरांना त्या दिवशी अंगणात फिरकू द्यायचं नाही. चुना डोळ्यात गेला तर डोळा चोळू नका. लगेच स्वच्छ पाण्यानं, निदान पंधरा-वीस मिनिटं, धार धरून धुवा आणि तसंच दवाखाना गाठा. डोळा जाण्याइतकी इजा होते, म्हणून हे दोनदा सांगतो: आधी पाणी, मग दवाखाना. विझलेला चुना गाळून ताकासारखा पातळ करा, मूठभर मीठ आणि चिमूटभर नीळ घाला. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात द्या. जाड चुना वाळताना तडकतो.

आणि इथे एक गंमत आहे. चुन्याला किंचित ओलसर भिंत चालते, किंबहुना आवडते, सावकाश वाळला तर तो चांगला धरतो. म्हणून महालक्ष्म्यांच्या किंवा घटाच्या आधी, पावसाळ्याच्या दिवसांत, घर पोतारायची रीत बरोबर बसत होती. भाद्रपदातली भिंत चुन्याला चालते. ऑइल पेंटला तीच भिंत अजिबात चालत नाही. रीत आपण जुनी ठेवली आणि रंग नवा आणला, तिथे गाठ पडली. ऑइल पेंट मारायचाच असेल तर माघ-फाल्गुनात मारा, म्हणजे पाडव्याला घर नवं दिसेल. सणाला भाद्रपदात हवंच असेल तर त्या वर्षी कावेचा पट्टा काढा. घराची शोभा त्यानं काही कमी होत नाही.

विटा-सिमेंटच्या घरात दोन रस्ते आहेत. एक म्हणजे कोबा करतानाच भिंतीला चार-सहा इंचांचा घोटलेला सिमेंटचा पट्टा. त्यात दुकानातला रेड ऑक्साइड मिसळला तर लाल होतो आणि रंगाचा खर्च कायमचा वाचतो. रंगाची पूड सिमेंटच्या वजनाच्या दहाव्या हिस्स्यापेक्षा जास्त घालू नका, पट्टा कच्चा होतो. आणि आठवडाभर त्यावर पाणी मारायचं विसरू नका. आम्हाला विचाराल तर घरकुलासाठी हाच सगळ्यात चांगला पर्याय. खर्च कोब्यातच बसतो आणि पुसायला सोपा.

दुसरा रस्ता फरशीचा. हिशेब असा करा. दहा बाय बारा फुटांची खोली, म्हणजे चारही भिंती मिळून 44 फूट. दाराचे तीन फूट वजा केले, 41 राहिले. दोन बाय दोन फुटांच्या एका फरशीतून चार इंचांच्या सहा पट्ट्या निघतात. मशीनच्या पात्यात थोडी जाते, म्हणून पट्टी चार इंचाला जराशी कमीच भरते. सहा पट्ट्या दोन दोन फुटांच्या, म्हणजे एका फरशीत 12 फूट. 41 फुटांना चार फरश्या लागल्या. एखादी फुटेल म्हणून पाच घ्या. खोलीला दहा फरश्या लागतील असं कुणी सांगितलं तर हा हिशेब पुढे ठेवा.

शहाबादी घ्यायची असेल तर तिला ॲसिडनं घासू नका. तो चुन्याचा दगड आहे, ॲसिड त्याला खातं. शहाबाद गाव कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातलं. 1956 पर्यंत ते आणि आपली परभणी एकाच हैदराबाद राज्यात होती, तेव्हा ही फरशी आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत दिसते यात नवल नाही.

गवंड्याशी एक गोष्ट गिलाव्याच्या आधी बोलून घ्या, पट्टी भिंतीच्या बाहेर येणार की भिंतीच्या बरोबरीनं बसणार. बाहेर आली तर वर धूळ बसायला कठडा होतो, रोज पुसावा लागतो. बरोबरीनं बसवायची तर गिलावा खाली तेवढा सोडावा लागतो. नंतर सांगितलं तर फोडाफोड. पट्टी बसवून झाल्यावर नाण्यानं टकटक करून बघा. पोकळ आवाज आला तर मागे माल भरलेला नाही. अशा पोकळीत मुंग्या होतात, विंचू बसतो. काढून पुन्हा बसवून घ्या, पैसे देण्याआधी.

बायकांनी गवंड्याला काय विचारायचं, असं काहींना वाटतं. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवच्या गावांत घरं दुरुस्त करताना बायकांनीच संवाद सहायक म्हणून काम केलं, दुरुस्तीची माहिती समजून घेऊन घरोघरी पोचवली. मराठवाड्यातल्याच बाया त्या. आपल्याला पट्टीचा आवाज ऐकता येणार नाही का?

भिंत कोरडी आहे, महिना कोरडा आहे, आणि ऑइल पेंटच हवा आहे, तर मग करा, पण पायरी गाळू नका. नवा गिलावा असेल तर पाणी मारून झाल्यावर निदान महिना-दीड महिना सुकू द्या. जुना सुटलेला रंग काढा, पॉलिश पेपर मारा, ओल्या फडक्यानं धूळ पुसा, वाळू द्या. एक हात प्रायमर. खड्डे असतील तिथे पुट्टी पातळ भरा, वाळल्यावर पुन्हा पॉलिश पेपर, पुन्हा प्रायमर. मग रंगाचे दोन पातळ हात, मध्ये एक रात्र जाऊ द्या. वरची भिंत आधी रंगवा, पट्टा शेवटी.

रेघ सरळ येण्यासाठी सूत मारा. दोरी निळीच्या पुडीत घोळवायची, दोघींनी दोन टोकं ताणून धरायची, तिसरीनं मधोमध ओढून सोडायची. एका फटक्यात रेघ उमटते. भुई उंचसखल असेल तर मापं भुईपासून घेऊ नका, दोन कोपऱ्यांतल्या खुणा पाण्याच्या नळीनं बरोबर करून घ्या. बघणाऱ्याची नजर वरच्या रेघेवर जाते, खालची कमी-जास्त रुंदी कुणाच्या लक्षात येत नाही.

मघाच्याच खोलीला फूटभर उंचीचा पट्टा मारला तर 41 चौरस फूट होतात, दोन हातांचे 82. गुळगुळीत भिंतीला लिटरचा एक डबा पुरून उरतो. गटातल्या तीन-चार जणींनी एकच रंग ठरवून मोठा डबा घेतला तर स्वस्त पडतो. पण आपापल्या भिंतीची तपासणी जिची तिनं करायची.

रंग कोणता? काळ्या मातीचे पाय घरात येतात तिथे, दाराशी आणि ओसरीत, काव किंवा तांबडा-तपकिरी रंग शिंतोडे लपवतो. स्वयंपाकघरात धुता येणारा हवा. धान्याच्या खोलीत मात्र आम्ही फिका पट्टा सुचवतो. वाळवीच्या मातकट नळ्या तांबड्या पट्ट्यावर दिसतच नाहीत, कणगीला वाळवी लागल्यावर कळतं. फिक्या पट्ट्यावर पहिल्या दिवशी दिसते. घरात म्हातारं माणूस असेल, नजर अधू असेल, तर पट्टा भुईच्या रंगाचा ठेवू नका. भुईहून आणि भिंतीहून वेगळा, ठळक ठेवा. मिणमिणत्या दिव्यात भुई कुठे संपली आणि भिंत कुठे सुरू झाली हे त्यांना त्या रेघेनं कळतं, रात्री उठताना हात बरोबर भिंतीला लागतो.

आता सगळ्यात जपायची गोष्ट. पट्टा हा रांगत्या लेकराच्या तोंडाच्या उंचीवर असतो. ते हात लावतं, पापुद्रा सोलतं, तोंडात घालतं. ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, विशेषतः भडक पिवळ्या, नारिंगी, लाल, हिरव्या रंगांत ते वापरलं जायचं. शिसं लेकराच्या मेंदूवर परिणाम करतं, आणि किती पोटात गेलं तर चालेल असं सुरक्षित प्रमाणच नाही. केंद्र सरकारच्या 2016 च्या नियमांनी घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावं असं ठरवलं आणि नोव्हेंबर 2017 पासून तसा जास्त शिशाचा रंग विकायला बंदी आली. डब्यावर तसं छापलेलं असावं लागतं. दुकानात डबा हातात घेऊन आधी ते शोधा, वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या पोरीला बरोबर न्या. सुटा, बिनलेबलाचा रंग स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

त्याआधीचा जुना रंग भिंतीवर किंवा दारावर असेल तर तो कोरडा खरवडू नका. धूळ उडते, श्वासात जाते, भांड्यावर, अंथरुणावर बसते. आधी पाण्यानं भिजवा, मग खरवडा. तोंडाला फडकं बांधा. गरोदर बाई आणि लहान लेकरं त्या दिवशी दुसऱ्या घरी. खाली जुनी गोणी अंथरा, पडलेले पापुद्रे त्यातच गुंडाळून बांधा. चुलीत किंवा बंबाखाली टाकू नका, धुरातूनही शिसं पसरतं. परसातल्या भाजीच्या वाफ्यात तर मुळीच नाही. भुई ओल्या फडक्यानं पुसा, झाडू नका. फडकं वेगळं ठेवा.

थिनरचा ब्रश धुतलेलं पाणी हौदाजवळ किंवा हापशापाशी ओतू नका. आणि रंगाचा रिकामा डबा, कितीही चांगला आणि घट्ट झाकणाचा असला तरी, धान्य, डाळ, पिण्याचं पाणी कशासाठीही वापरू नका. तुळशीलाही नको, तिची पानं आपण खातो. खिळे-मोळे ठेवायला ठेवा.